घरभेद आणि निष्ठा : पालटत्या राजवटींतील रायपूर

रायपूर शहराने १७४१ ते १८५४ या एकशे तेरा वर्षांत पाच वेळा राजवटीचे रूप पालटलेले पाहिले. १७४१ मध्ये छत्तीसगडचे हैहयवंशी राजे नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक झाले. १७५७-५८ च्या सुमारास मांडलिकी संपून भोसल्यांचा थेट अंमल सुरू झाला. १८१८ मध्ये भोसल्यांच्या नावाने इंग्रज अधिकारी कारभार पाहू लागले. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांच्या हाती आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन तो कायमचा इंग्रजांकडे गेला. शालेय पुस्तकांत ही सनावळी चार ओळींत उरकते. परंतु प्रत्येक सनाबरोबर राजवाड्यांत, गढ्यांत आणि साध्या कारकुनाच्या घरातही एकच प्रश्न उभा राहिला होता : आता निष्ठा कोणाशी? आणि हा प्रश्न बहुधा परक्याने नव्हे, तर सख्ख्या भावाने, काकाने, सुनेने किंवा सासूने विचारला होता.

छत्तीसगडातील मराठी भाषकांना हा इतिहास वाचताना एक अवघड गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या कथेत मराठी माणूस एकाच बाजूला नाही. तो एकदा जेत्यांच्या सैन्यातून येतो, एकदा जितांच्या रांगेत उभा राहतो, आणि पुढे इंग्रजांच्या कचेरीत लेखणी चालवता चालवता त्यांच्याच विरुद्ध वर्तमानपत्रही काढतो. म्हणून फितूर कोण आणि एकनिष्ठ कोण याचा निवाडा येथे वाटतो तितका सोपा नाही.

हैहयांचे घर

छत्तीसगडच्या हैहय घराण्याचे मुख्य ठाणे रतनपूर. पंधराव्या शतकाच्या आगेमागे या घराण्याची एक धाकटी पाती रायपूरला स्थिरावली. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरकडे आणि दक्षिणेचे अठरा गड रायपूरकडे, अशी वाटणी परंपरेने सांगितली जाते. एकाच कुळाच्या दोन गाद्या शेजारी शेजारी नांदत होत्या; मान थोरल्या पातीचा असला, तरी कारभार ज्याचा त्याचा होता.

१७४१ मध्ये रघुजी भोसले (पहिले) यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या मोहिमेवर निघाले असता वाटेत रतनपूरवर चालून आले. रतनपूरचे राजे रघुनाथसिंह तेव्हा वृद्ध होते आणि पुत्रवियोगाने पार खचले होते. त्यांनी प्रतिकाराची सिद्धताच केली नाही. तोफांच्या माऱ्याने राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा राण्यांपैकी एकीने तटावर चढून शरणागतीचे निशाण दाखवले. राजधानीवर एक लाख रुपयांचा दंड बसला. रघुनाथसिंहांना भोसल्यांच्या वतीने राज्य करण्यासाठी गादीवर ठेवण्यात आले. परंतु थोड्याच वर्षांत त्यांच्या जागी रघुजींच्या मर्जीतल्या मोहनसिंहाची स्थापना झाली.

रतनपूर पडले त्या वेळी रायपूरच्या अमरसिंहांच्या गादीला कोणी हात लावला नाही. थोरले घर कोसळत असताना धाकटे घर शाबूत राहिले. त्या घरातील माणसांना त्या वर्षी सुटकेचा श्वास सोडावासा वाटला असेल, तर ते मानवी स्वभावाला धरूनच होते. पण सवलत नऊ वर्षांपुरतीच होती. १७५० मध्ये मराठ्यांनी अमरसिंहांनाही निमूटपणे बाजूला सारले आणि वार्षिक ७,००० रुपये खंडणीच्या बोलीवर रायपूर, राजिम आणि पाटण एवढे परगणे त्यांच्याकडे राहू दिले. १७५३ मध्ये अमरसिंह वारले. त्यांचे पुत्र शिवराजसिंह तेव्हा तीर्थयात्रेला गेले होते. ते परत येईपर्यंत तेही परगणे ताब्यात घेतले गेले. पुढे त्यांना निर्वाहासाठी महासमुंद भागातील बरगाव हे एक गाव करमुक्त मिळाले आणि रायपूर भागातील प्रत्येक गावामागे एक रुपया घेण्याचा हक्क मिळाला. १८२२ मध्ये हा रुपयाचा हक्कही बंद होऊन त्याऐवजी त्या घराण्याकडे पाच गावे राहिली. ज्या घराण्याने शतकानुशतके राज्य केले, त्याचा हिशेब गावागणिक एका रुपयावर येऊन थांबला.

या हकिकतीत उघड दगाबाजी कोठेच दिसत नाही. एका घराच्या दोन पाती एकमेकींच्या संकटात एकत्र आल्या नाहीत, एवढेच दिसते. नव्या सत्तेला तेवढे पुरेसे होते. आधी एकाला हात लावायचा आणि दुसऱ्याला अभय द्यायचे, मग दुसऱ्याचे पाहायचे. हीच रीत पुढे पंच्याहत्तर वर्षांनी इंग्रजांनी नागपूरकरांवर चालवली. त्या वेळी नागपूरकरांना ती नवी वाटायला नको होती. ती त्यांनी स्वतः वापरलेली होती.

भोसल्यांचे घर

१७५५ मध्ये रघुजी (पहिले) यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यामागे चार पुत्र होते : जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. जानोजी वयाने वडील, पण मुधोजी थोरल्या राणीचे पुत्र. गादीवर दोघांनीही हक्क सांगितला आणि निवाडा पुण्याच्या पेशव्यांकडे गेला. जानोजींना 'सेनासाहेबसुभा' हे पद मिळाले, मुधोजींना 'सेनाधुरंधर' हा किताब आणि चांद्याचा मुलूख, तर मुधोजींचे सख्खे बंधू बिंबाजी यांच्या वाट्याला छत्तीसगड आले. घरातला तंटा बाहेरच्या दरबारात नेला की निवाडा करणारा घराचा अर्धा मालक होतो, हे नागपूरकरांनी त्या दिवशी मान्य केले.

जानोजी १७७२ मध्ये निपुत्रिक वारले. मुधोजींचे पुत्र रघुजी यांना दत्तक घ्यावे ही त्यांची इच्छा होती. पण जानोजींच्या पत्नी दर्याबाई यांनी साबाजींना पाठबळ दिले. पुण्यातही तेव्हा दोन पक्ष होते. राघोबादादांचा पक्ष मुधोजींकडे झुकला आणि कारभाऱ्यांचा साबाजींकडे. नागपूरचे भाऊ तीन वर्षे एकमेकांवर सैन्य घेऊन धावत राहिले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळच्या पाचगाव येथे निर्णायक लढाई झाली. विजय साबाजींच्या पदरात पडत आला होता. मुधोजी वेढले गेले आहेत असे पाहून साबाजींनी आपला हत्ती पुढे घातला आणि भावाला शरण येण्यास सांगितले. मुधोजींनी उत्तरादाखल गोळी झाडली. साबाजी हत्तीवरच मरण पावले, सैन्याचा धीर सुटला आणि नागपूरची गादी मुधोजींच्या शाखेकडे गेली.

ही गोळी पुढे कोणालाही विसरता आली नाही. ज्या घरात भावाच्या हाती भाऊ मारला गेला, त्या घरात पुढल्या पिढीला नात्याचा भरवसा कोठून वाटावा?

या साऱ्या धुमश्चक्रीपासून दूर रतनपूरला बिंबाजी १७८७ पर्यंत राहिले. ते आले तेव्हा मोहनसिंहाने त्यांच्याविरुद्ध सैन्य जमवले होते. परंतु लढाईपूर्वीच आजाराने तो मरण पावला. बिंबाजींचे नागपूरशी नाते नावापुरते होते. त्यांनी आपला दरबार वेगळा ठेवला, रतनपूर आणि रायपूर हे दोन्ही भाग एका कारभाराखाली आणले, रतनपूरच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल आणि दप्तरांतील मोडी लिपी छत्तीसगडात रुजली ती त्यांच्याच काळात, असे मानले जाते. नागपूरला भाऊ भावाला मारत असताना छत्तीसगडात मराठी संसार मूळ धरत होता, तो एका अंगाने अलिप्त राहिलेल्या भावाच्या आश्रयाने. परंतु ही शांतता हैहयांच्या गादीवर बसून मिळालेली होती, हेही त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

बिंबाजींना औरस संतान नव्हते. त्यांच्यानंतर छत्तीसगड मुधोजींचे पुत्र व्यंकोजी यांच्या नावे झाले. व्यंकोजींनी येथे मुक्काम केला नाही. नागपूरहून सुभेदार नेमायचे, ठरलेली रक्कम वसूल करायची, असा कारभार सुरू झाला. बिंबाजींच्या विधवा आनंदीबाई रतनपूरला होत्या आणि त्यांचे वजन अद्याप होते. म्हणजे काकूचा वाडा येथे, पुतण्याची सत्ता नागपूरला आणि सुभेदार या दोहोंच्या मध्ये. छत्तीसगडच्या रयतेने १७८७ ते १८१८ या काळातील सुभेदारीची आठवण चांगली ठेवली नाही. जे धनी कधी दिसत नाहीत, त्यांच्याशी निष्ठा राखणे कोणालाही कठीण जाते.

आप्पासाहेब आणि बाकाबाई

छत्तीसगडचे नाममात्र धनी असलेल्या याच व्यंकोजींचे पुत्र मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब. २२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघुजी वारले. त्यांचे एकुलते एक पुत्र परसोजी दृष्टिहीन आणि पंगू होते. त्यांच्या नावाने कारभार कोणी करावा यावरून वाड्यात दोन तट पडले. एका बाजूला रघुजींच्या राणी बाकाबाई आणि त्यांच्या पक्षाचे धर्माजी भोसले, दुसऱ्या बाजूला चुलतबंधू आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी वाडा ताब्यात घेतला, धर्माजींना कैद केले आणि पुढे ते मारले गेले. मग आपली बाजू भक्कम करण्यासाठी आप्पासाहेबांनी जे केले, त्याला दुसऱ्या रघुजींनी आयुष्यभर नकार दिला होता : मे १८१६ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. घरातील बायकांची आणि कारभाऱ्यांची भीती वाटली म्हणून त्यांनी परकी पलटण दाराशी आणून ठेवली.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी वाड्यात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होते. पण हा खून त्यांच्याच इशाऱ्याने झाल्याचे पुढे उघडकीस आले. येथे एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. रेसिडेंट जेन्किन्स यांच्या कानी कुजबुज आली होती. तरीही आप्पासाहेबांना राजा म्हणून मान्यता मिळाली. खुनाचा आरोप त्यांच्यावर जोराने ठेवला गेला तो नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाल्यानंतर. राजा दोस्त होता तोवर भावाचा खून ही घरची बाब होती. राजा शत्रू झाला आणि तोच खून पदच्युतीचे कारण ठरला.

सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांची. पराभवानंतर आप्पासाहेबांना कैद करून अलाहाबादकडे नेत असताना मे १८१८ मध्ये ते पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने लढत, मग असीरगड, मग पंजाब असे भटकत ते अखेर जोधपूरला पोचले. तेथील महाराजा मानसिंह यांनी शरण आलेल्यास इंग्रजांच्या हवाली करण्याचे नाकारले. १८४० मध्ये आप्पासाहेब तेथेच वारले. ज्यांनी चुलतभावाचा विश्वास मोडला, त्यांना शेवटी आसरा दिला तो रक्ताचे नाते नसलेल्या एका राजाने.

इकडे नागपूरला जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा दत्तक घेऊन तिसरे रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आला. तो लहान होता. राजप्रतिनिधी म्हणून बाकाबाई आणि प्रत्यक्ष कारभारावर जेन्किन्स, अशी व्यवस्था झाली. याच व्यवस्थेतून छत्तीसगडात इंग्रज अधीक्षक आले आणि त्यांनी ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. रायपूर हे आजचे प्रमुख शहर होण्याची सुरुवात अशी एका घराच्या फुटीतून झाली.

बाकाबाईंविषयी निवाडा देणे सर्वांत अवघड. आपल्या पतीच्या पुत्राला मारणाऱ्याविरुद्ध त्यांनी इंग्रजांचा आधार घेतला, यात त्यांना दोष कोण देईल? परंतु तोच आधार पुढे त्यांच्या घराचा मालक झाला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले; दत्तकाला मान्यता नाकारून मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा करण्यात आले. वाड्यातील जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात निघाले. तरीही १८५७ मध्ये नागपुरात उठावाची चाहूल लागली तेव्हा वृद्ध बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिले नाही. पुढे सरकारने दत्तकपुत्र जानोजी यांना 'राजाबहादूर देऊर' हा किताब दिला. राज्य गेले होते. एकनिष्ठेबद्दल किताब आला. घराचे जे उरले आहे ते वाचवावे एवढीच बाकाबाईंची निष्ठा होती, असे म्हणता येईल. ती निष्ठा होती हे खरे, आणि तिची किंमत घराबाहेरच्या पुष्कळांनी मोजली हेही खरे.

सोनाखानचे घर

त्याच १८५७ मध्ये रायपूरच्या पूर्वेकडील जंगलात सोनाखानच्या बिंझवार जमीनदारांच्या घरी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला जात होता. नारायणसिंह यांचे वडील रामराय यांनी १८१८-१९ मध्येच नव्या इंग्रजी अमलाला विरोध केला होता आणि त्यापायी काही गावे गमावली होती. नारायणसिंह १८३० च्या सुमारास जमीनदार झाले. १८५६ मध्ये पाऊस फसला आणि दुष्काळ पडला. कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याने धान्याची कोठारे भरून ठेवली होती. नारायणसिंहांनी ती उघडली, धान्य भुकेल्यांना वाटले आणि आपण काय केले ते स्वतःच रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला लिहून कळवले. डेप्युटी कमिशनर इलियट यांच्या लेखी ही चोरी आणि दरोडा ठरला. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहांना संबलपूर येथे अटक होऊन रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

२८ ऑगस्ट १८५७ रोजी ते तुरुंगातून निसटले. रायपूरच्या तिसऱ्या पलटणीतील शिपायांनी त्यांना साहाय्य केल्याचे सांगितले जाते. सोनाखानला पोचून त्यांनी सुमारे ५०० माणसांची फौज उभी केली. २० नोव्हेंबरला लेफ्टनंट स्मिथ रायपूरहून निघाला. त्याच्याजवळ सैन्य थोडे आणि मुलूख अनोळखी. त्याची ही अडचण शेजारच्या जमीनदारांनी दूर केली. कटगी, भटगाव, बिलाईगड येथील जमीनदारांनी मदत पाठवली. आणि सर्वांत महत्त्वाचा आधार मिळाला तो देवरीचे जमीनदार महाराजसाय यांचा. महाराजसाय नारायणसिंहांच्या नात्यातले होते, आणि दोन्ही घरांत जुने वैर होते. देवरीहून स्मिथ सोनाखानवर चालून गेला. गाव जाळले गेले. रयतेचा आणखी नाश टाळण्यासाठी २ डिसेंबर रोजी नारायणसिंह स्वाधीन झाले. १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आली. आजचा जयस्तंभ चौक हेच ते ठिकाण, असे शहर मानते.

कथा येथे संपली नाही. नारायणसिंहांचे पुत्र गोविंदसिंह यांनाही कैद झाली. १८६० मध्ये सुटका होताच त्यांनी संबलपूरच्या सुरेंद्र साय यांच्या साहाय्याने देवरीवर हल्ला केला आणि महाराजसाय मारले गेले. सुरेंद्र साय यांचाही संघर्ष १८२७ मध्ये घरातल्याच वारसाहक्कावरून सुरू झालेला. इंग्रजांनी त्यांचा दावा डावलून राणीला गादीवर बसवले होते. सोनाखान आणि संबलपूर ही दोन दुखावलेली घरे अशी देवरीच्या वेशीवर एकत्र आली.

महाराजसाय यांना फितूर म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. त्यांच्या बाजूने पाहिले, तर एक लहानसा जमीनदार, ज्याची टकोली आणि सनद सर्वस्वी रायपूरच्या कचेरीवर अवलंबून, ज्याचे सोनाखानशी पिढीजात भांडण, आणि दाराशी फौज घेऊन उभा असलेला अधिकारी. सरकारच्या दप्तरात या वागणुकीला 'राजनिष्ठा' म्हटले गेले असते. देवरी आणि सोनाखान यांच्यातला खरा फरक नात्याच्या मर्यादेत मावत नाही. नारायणसिंहांनी निष्ठेचा प्रश्न आपल्या घरापुरता ठेवलाच नव्हता. कोठारे उघडताना त्यांनी भोसले की इंग्रज, हा भाऊ की तो भाऊ, याचा विचार केला नाही. जे उपाशी होते त्यांच्याशी आपले देणे लागते एवढेच पाहिले. रामायणातील बिभीषणाने सख्ख्या भावाची बाजू सोडली, तरी त्याला कोणी नुसता घरभेदी म्हणून थांबत नाही. तो कोणत्या पक्षाला जाऊन मिळाला, हेही विचारले जाते. महाराजसाय यांच्या वाट्याला हाच प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर त्यांच्या बाजूने देता येत नाही.

सप्रे आणि लाखे

खालसा झालेल्या मुलखात इंग्रजी कचेरी स्थिरावली आणि मोडी वाचणारी मराठी कुटुंबे तिच्या कामी आली. बुढापारा, तात्यापारा या वस्त्यांतून राहणाऱ्या पुष्कळ घरांत नोकरी सरकारची, वाचन केसरीचे, अशी दुहेरी स्थिती होती. पूर्वी जी फूट दोन भावांत पडत असे, ती आता एकाच माणसाच्या मनात पडू लागली.

माधवराव सप्रे यांचे शिक्षण बिलासपूर आणि रायपूरला झाले. सरकारी नोकरी न करण्याचा निश्चय त्यांनी केला होता. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. त्याचे प्रकाशक रायपूरचे वामनराव लाखे. पुढे टिळकांचे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी सप्र्यांनी नागपूरहून 'हिंदी केसरी' काढले आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. तेव्हा त्यांच्या थोरल्या बंधूंनी कुटुंबाच्या वतीने क्षमापत्र देण्याचा असा आग्रह धरला की सप्र्यांना तो मोडवेना. त्यांनी सही केली आणि ते सुटले.

येथे कोणी कोणाचा द्रोह केला? थोरल्या भावाने धाकट्याला तुरुंगातून सोडवले. यापेक्षा मोठी बंधुनिष्ठा कोणती? पण सप्र्यांना स्वतःला ती सुटका वाटली नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले, वर्ध्याजवळ हनुमानगडावर रामदासी वृत्तीने राहिले, मधुकरी मागितली, आणि समर्थांच्या दासबोधाचा हिंदी अनुवाद केला. टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवादही पुढे त्यांनीच केला. भावासाठी दिलेल्या एका सहीची भरपाई त्यांनी हजारो पाने लिहून केली. मराठी घरात वाढलेल्या माणसाने मराठीतील दोन थोर ग्रंथ हिंदी भाषकांच्या हाती ठेवले, हे त्या भरपाईचे फळ. सप्रे १९२६ मध्ये रायपूरलाच वारले.

त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांची वाट निराळी. सहकारी चळवळीतील आणि नगरातील कार्यासाठी त्यांना सरकारने 'रायसाहेब' केले होते. १९२० मध्ये असहकाराच्या वेळी त्यांनी तो किताब परत केला. त्यावर रायपूरच्या लोकांनी त्यांना 'लोकप्रिय' म्हणायला सुरुवात केली. देऊरच्या 'राजाबहादूर' पदापासून रायपूरच्या या परत केलेल्या 'रायसाहेब' पदापर्यंत मधल्या साठेक वर्षांत काय बदलले, ते या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसते. एकनिष्ठेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार राजाकडून लोकांकडे आला होता.

उरलेला हिशेब

चारही घरांची कथा सोबत वाचली की एक क्रम डोळ्यांपुढे येतो. हैहयांच्या दोन पाती एकमेकींसाठी उभ्या राहिल्या नाहीत. भोसले बंधूंनी तंटा पुण्याला नेला, पुढच्या पिढीने तो रेसिडेन्सीत नेला. देवरीने तो स्मिथच्या छावणीत नेला. प्रत्येक वेळी तात्पुरता लाभ घरातल्या एकाला झाला आणि अखेरचा लाभ बाहेरच्याला. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, असे आपल्याकडे म्हणतात. या शंभर वर्षांत वासे आधी फिरले आणि घर मागाहून.

पण या क्रमातून मराठी वाचकाने स्वतःला वगळू नये. १७४१ च्या रतनपूरमध्ये तटाबाहेरच्या तोफा मराठ्यांच्या होत्या. सीताबर्डीच्या पराभवाचे दुःख करणाऱ्याने बरगावच्या त्या एका गावाचे आणि गावागणिक एका रुपयाचेही स्मरण ठेवले, तरच त्याच्या इतिहासवाचनाला न्याय्य म्हणता येईल. छत्तीसगडातील मराठी माणसाचा हक्क भास्कररामांच्या मोहिमेतून सिद्ध होत नाही. राजवट गेल्यावरही जे राहिले, ज्यांनी येथल्या शाळांत शिकवले, येथल्या भाषेत लिहिले, येथल्या दुष्काळात आणि चळवळींत शेजाऱ्यांबरोबर उभे राहिले, त्यांच्या वागणुकीतून तो सिद्ध झाला.

शाळेच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्या एकत्र येत आहेत. त्यांपैकी अनेक घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतली कागदपत्रे आजही बांधून पडलेली असतील : कमाविसदारीची टिपणे, सनदांच्या नकला, वाटणीपत्रे, भाऊबंदकीच्या दाव्यांचे कागद. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत. त्या कागदांत पणजोबा कोणत्या बाजूला होते हे कदाचित अभिमान वाटेल असे निघेल, कदाचित निघणार नाही. दोन्ही प्रकारचे कागद सारख्याच काळजीने वाचून घेतले आणि मुलांपुढे ठेवले, तर रायपूरच्या इतिहासातील जे पान केवळ राजांच्या आणि रेसिडेंटांच्या दप्तरांवरून लिहिले गेले, ते घरांच्या बाजूनेही लिहिता येईल.